भरतीच्या आधी ओपीडी

घरातला माणूस दारूच्या पुरता आहारी गेला की नातेवाईक एकच म्हणतात, ‘याला कुठंतरी भरती करा.’ महिनाभर तो डोळ्यांआड होतो, घरच्यांना शांत झोप लागते. मागणी समजण्यासारखीच आहे. पण त्यामुळे उपचार म्हणजे भरती हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आणि ते आपल्याला महागात पडतं आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवाचून राहवत नाही अशा ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. उद्या सगळ्या खाटा दुप्पट केल्या तरी तो ९०त एक होईल. त्यातून रोजंदारीवरचा माणूस महिनाभर आत राहिला, तर घरची चूल कशावर पेटायची?

बाहेरून घेतलेल्या उपचाराचा उपयोग होतो का? गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे तपासलं गेलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठकांत बोलणं केलं. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला निष्कर्ष असा, की तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात आलं, न मिळालेल्यांत हेच प्रमाण २६ टक्के होतं. चमत्कार म्हणावा असा हा फरक नव्हे. शिवाय सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणारे, अवलंबित्वाच्या टोकाला गेलेले, या अभ्यासात नव्हते. पण मुद्दा तोच आहे: त्या टोकाला पोचण्याआधी माणसाला गाठायचं, तर ते गावच्या दवाखान्यातच जमेल.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट्स येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. अशाला भरती करायलाच हवं. पण हा धोक्याचा काळ बहुधा आठवड्याभरात सरतो. तलफ मात्र पुढे कित्येक महिने राहते. घरचे म्हणतात, ‘गुत्ता वाटेतच आहे, रोज तिथूनच जाणार तो.’ खरंय. मात्र केंद्रातून सुटल्यावरही वाट तीच असते, आणि ती चालायची सवय केंद्राच्या आवारात होत नाही. मग कंटाळून कुणी डाळीत गुपचूप पावडर कालवतं. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम असं नकळत पोटात गेलं आणि वर दारू प्यायली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. तेच औषध सांगून-सवरून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बायकोसमोर घेतलं तर उपयोगी पडतं.

सगळ्यात खरा आक्षेप वेगळाच आहे: ओपीडीत येणारे मधेच येईनासे होतात. पण याचा दोष केवळ त्यांच्या इच्छाशक्तीला देणं जरा सोयीचं होतं. सरकारी ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळीच चालते, म्हणजे प्रत्येक खेपेला एक खाडा आणि रांगेत ओळखीचं कुणी भेटायची धास्ती. आठवड्यातून दोन संध्याकाळी ओपीडी उघडी ठेवावी, केसपेपरवर नुसतं ‘जनरल’ लिहावं, आणि तारीख चुकवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी समुपदेशकाने फोन करावा. याला नवी इमारत लागत नाही.