विश्लेषण : खडीच्या वाहतुकीला पैसे, मग मजुराच्या प्रवासाला का नाहीत?

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) हे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते. अशा गावांतले गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवाले बार्शी, कळंब, धाराशिवकडे बांधकामावर जातात, ते मिळेल त्या वाहनाने. त्यांची हजेरी मात्र साइटवर पोहोचल्यावरच लागते. मग गाडीतले तास कोणाच्या खात्यावर?

प्रश्न नेमका काय आहे?

एक साधा हिशेब मांडू. समजा, बिगाऱ्याची मजुरी ६०० रुपये आणि काम आठ तास. तासाला ७५ रुपये पडले. जाण्या-येण्यात आणि गाडीची वाट पाहण्यात तीन तास गेले, तर दिवस अकरा तासांचा होतो. गाडीभाड्याचे १०० रुपये वजा केले, की हातात ५०० उरतात. म्हणजे तासाला जेमतेम ४५ रुपये. महिन्याला २५ दिवस काम मिळाले, तर प्रवासात ७५ तास जातात. हे नऊ दिवसांहून अधिक कामाचे तास झाले आणि त्यांचा मोबदला शून्य. स्लॅबच्या दिवशी काम अंधार पडेपर्यंत चालते, तेव्हा परतीचे वाहन मिळेल याचीही खात्री नसते. बायांचे हाल आणखी वेगळे. त्यांना गाडी गाठण्यापूर्वी पाणी, स्वयंपाक उरकावा लागतो.

धाराशिवच्या प्रकरणात न्यायालयाने काय सांगितले?

याच जिल्ह्यातील एका प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. साखर कारखान्यातील एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कामाच्या ठिकाणापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात त्याचा मृत्यू झाला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, पण त्यासाठी कुटुंबाला २२ वर्षे थांबावे लागले.

अपघाताची परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घरातून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात हा नोकरीच्या ओघातच झाला असे धरता येते, असे या निकालाने सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा लाभ बांधकाम मजुरांनाही मिळत होता, त्यामुळे हे तत्त्व त्यांच्याही उपयोगाचे आहे.

मग मजुरीचे काय?

विसंगती इथेच आहे. मजूर वाटेत मेला, तर तो प्रवास कामाचा भाग ठरू शकतो. तो सुखरूप पोहोचला, तर तेच तास त्याचे ‘खासगी’ ठरतात. धोका कामाचा आणि वेळ मात्र मजुराचा, ही विभागणी कोणत्या न्यायात बसते?

प्रवासाचे पैसे देणे ही नवी कल्पना आहे का?

नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम देणे अपेक्षित होते. त्यापलीकडे काम दिल्यास प्रवास आणि राहण्याच्या खर्चापोटी दहा टक्के जादा मजुरीची तरतूद होती. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तर आणखी पुढे गेला होता. त्यात प्रवासभाडे होतेच, शिवाय प्रवासाचा काळ कामावर असल्यासारखा धरून त्याची मजुरी द्यायची होती. मात्र राज्याची हद्द ओलांडली तरच तो लागू होता. तेरखेड्याहून पुण्याला गेलेल्या मजुराला त्याचा उपयोग नव्हता. नव्या संहितेत भाड्याची तरतूद राहिली, पण प्रवासकाळाची मजुरी गेली.

युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये स्पेनमधील तंत्रज्ञांच्या प्रकरणात म्हटले, की ज्याला कामाचे ठरावीक ठिकाणच नाही, त्याचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचा वेळ आहे. बांधकाम मजुराचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. इमारत उभी राहिली की त्याचे ठिकाण बदलते.

ठेकेदारांचा आक्षेप कितपत योग्य?

‘कार्यालयातल्या बाबूलाही प्रवासाचे पैसे मिळत नाहीत’, असा युक्तिवाद केला जातो. पण बाबूचे कार्यालय रोज बदलत नाही. आपल्या नोकरीजवळ घर पाहण्याची मुभा त्याला असते. मजुराची साइट ठेकेदार ठरवतो. लहान ठेकेदाराला हा बोजा पेलणार नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय अंदाजपत्रकातच आहे. सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकात वाळू, खडी, मुरूम किती लांबून आणायचा यानुसार ‘लीड’चे पैसे धरले जातात. खडी किती किलोमीटरवरून आली हे मोजणाऱ्या यंत्रणेला माणूस किती लांबून आला हे मोजणे अवघड नाही.

काय करता येईल?

पहिले पाऊल सरकारी कामांत टाकता येईल. मजूर पाच किलोमीटरच्या पलीकडून येत असेल, तर रोजगार हमीप्रमाणे दहा टक्के जादा मजुरी अंदाजपत्रकातच धरावी. मुकादम स्वतः गाडी पाठवत असेल, तर हजेरी गाडीत बसल्यापासून लावावी. तिसरा मुद्दा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून मंडळाकडे निधी येतो आणि नोंदणीकृत मजुराचा कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख रुपये दिले जातात. ‘कामावर असताना’ या शब्दांत जाण्या-येण्याचा प्रवासही येतो, असे मंडळाने लेखी स्पष्ट केले, तर एखाद्या विधवेला दिल्लीपर्यंत न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.

त्यासाठी मजुराची नोंदणी आणि हजेरीचा कागद हवा. आधीच्या वर्षातील ९० दिवसांच्या कामाचा दाखला असल्याशिवाय मंडळाकडे नोंदणी होत नाही, आणि अनेकांचा हिशेब मुकादमाच्या वहीपलीकडे जात नाही. त्या वहीत आज फक्त हजेरी आणि खाडा असे दोनच रकाने असतात. गाडी किती वाजता निघाली, याचा तिसरा रकाना त्यात पडायला हवा.