चाऱ्याला शेत का नाही?

समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून जालना जिल्ह्यातील जांब समर्थ तुम्हांला ठाऊक असेल. त्या बाजूच्या शिवारात कापूस, सोयाबीन, तूर, ऊस भरपूर दिसतो. गाईम्हशींसाठी मुद्दाम पेरलेला चारा मात्र दिसला तर एखाद्या कोपऱ्यात. दूध हवे, पण चाऱ्याला जमीन द्यायची नाही, हा हिशेब मला पटत नाही.

पूर्वी ज्वारी मुबलक होती. कणीस माणसाला, कडबा जनावराला, अशी वाटणीच होती. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आले; धान्य वाढले, पण ताट बुटके झाले. पुढे सोयाबीन पसरले आणि ज्वारीचे क्षेत्रच घटले. उसाचे वाढे मिळते खरे, पण त्यातील ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. दुभत्या गाईला नुसत्या वाढ्यावर ठेवणे म्हणजे तिची हाडे झिजवणेच.

आणि नुसता कडबा तरी पुरतो का? वाळलेल्या १०० किलो कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ किलो. कडब्यातले तंतू गाय स्वतः पचवीत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू ते पचवतात. या जिवाणूंना वाढीसाठी नत्र लागते. ते मिळाले नाही की तेच उपाशी राहतात आणि कडबा पोटात नुसता पडून राहतो. म्हणून मक्यासोबत चवळी पेरावी, असे माझे मत आहे. चवळीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. म्हणूनच तिच्या चाऱ्यात प्रथिने भरपूर. उलट, कोवळा लसूणघास एकटाच भरपूर खाल्ला तर जनावराचे पोट फुगते. म्हणजे मिश्रण दोन्ही बाजूंनी हिताचे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे प्रकाशाकडे वळतो. शाळेच्या आवारात दोन लहान वाफे करा. एकात नुसता मका, दुसऱ्यात मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ. महिन्याभराने भर दुपारी दोन्हींत ओळींच्या मधोमध जमिनीवर आलेखाचा कागद पसरा आणि उन्हाने उजळलेले चौकोन मोजा. नुसत्या मक्याखाली ते अधिक भरतील. ते ऊन वाया गेलेले ऊन. शिवाय ते ओल उडवते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, आणि उघड्या जमिनीवर ऊन ते काम दिवसभर करते. चवळीची पाने तेच ऊन अन्न तयार करण्यात वापरतात. अर्थात पाणी फारच कमी असेल तर दोन्ही पिके एकमेकांच्या तोंडचे ओढतात, हेही वाफ्यात दिसेल.

“चाऱ्याचे पैसे किती होणार?” असे घरची मोठी माणसे विचारतील. त्यांना २०१३ सालच्या दुष्काळाची आठवण द्या. मराठवाड्यात तेव्हा चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. एकरभर बागायतातील चार-पाच गुंठे मका-चवळीला आणि बांध मारवेल गवताला दिला, तर कापसाचे फारसे बिघडणार नाही. मका फुलोऱ्यावर आला की कापावा आणि कुट्टी करून कडब्यात मिसळावा. चारा उरलाच तर मुरघास करून झाकून ठेवता येतो. तो उन्हाळ्यात उपयोगी पडतो.