पेशंटबरोबर कोण आहे?

मिशनऱ्यांच्या दवाखान्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला : "कसली सेवा, धर्मांतरासाठी गळ टाकून बसलेत!" दुसरा : "ते त्यांनाच जमतं हो, आपल्या लोकांत ती सेवावृत्तीच नाही." वरवर पाहता हे एकमेकांचे वैरी. मला विचाराल तर सख्खे भाऊ. वाक्य संपलं की दोघांचंही काम संपतं, पुढे काही करायचं उरतच नाही.

आज मला या दोघांशीही भांडायचंय. भांडणाचा विषय, मनोरुग्णालय. गोष्ट सुरू होते लखनौ आणि वेल्लोरला. पण मी राहतो चिंचवडला, नोकरीची सगळी वर्षं भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काढली, त्यामुळे शेवटी येणार इथेच. जरा धीर धरा.

ई. स्टॅनली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली हिंदुस्थानात आले. धर्मप्रचारक होते, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही (पहिल्या सुरातल्या मंडळींनी खुशाल टिपून ठेवावं). आठेक वर्षांत हा माणूस कामाने पार पिळून निघाला. विश्रांतीसाठी अमेरिकेला निघाले तर बोटीवरच्या प्रार्थनेत बोलता बोलता कोसळले. रजा संपवून परत आले तर पुन्हा तेच. शरीराला काही झालं नव्हतं, मनाने जवाब दिला होता. हे सगळं त्यांनी पुढे १९२५ सालच्या 'द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलं. त्या काळात, त्या पदावरच्या माणसाने! आपल्याकडे आजसुद्धा एखादा प्लांट हेड 'माझं मन खचलं होतं, मी कोसळलो' असं चारचौघांत म्हणेल का? बीपी म्हणेल, शुगर म्हणेल, फार तर स्लिप डिस्क म्हणेल.

याच जोन्स यांनी १९५० साली लखनौला 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र काढलं. प्रार्थना होतीच, मिशनऱ्यांचंच केंद्र ते. पण उपचार करायला शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ आणले. प्रार्थनेने बरं होईल, गोळ्या कशाला, असा हिशेब नव्हता. मला ही गोष्ट मोठी वाटते, कारण श्रद्धावान माणसाला हा मोह सोडवणं सगळ्यात अवघड. आणि यात कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. आमच्या पट्ट्यात भगत आहेत, बाबा आहेत, आणि 'चंगाई सभा' घेऊन हात डोक्यावर ठेवणारे ख्रिस्ती प्रचारकही आहेत. तामिळनाडूतल्या एर्वाडीला दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या 'होम'मध्ये ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही, इतकं साधं कारण.

आता वेल्लोर. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली बागायम इथे मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं. डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स या कॅनडाहून आलेल्या मिशनरी मानसोपचारतज्ज्ञ त्यामागे होत्या. तिथे एक नियम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार त्या नियमात आहे. पेशंट भरती करायचा तर घरचं माणूस बरोबर राहिलं पाहिजे. भेटायला येणं नव्हे, राहणं. तिथेच राहायचं, जेवणखाण बघायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या, डॉक्टर काय करतात ते डोळ्यांनी बघायचं आणि शिकायचं.

यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. कुठल्याही इस्पितळात गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, "पेशंटबरोबर कोण आहे?" अपेंडिक्स असो की टायफॉइड, आपल्याकडे कॉटखाली चटई टाकून कुणीतरी झोपतंच. फक्त एकाच आजाराला आपण हा प्रश्न विचारत नव्हतो. तिथे माणूस फाटकाशी सोडायचा आणि मागे न बघता स्टँड गाठायचा. कितीकांनी पत्ता खोटा लिहून दिलेला असतो. वेल्लोरने काय केलं, तर टायफॉइडचा प्रश्न वेडाला विचारला.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? १९१२ चा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'. बहुतेकांची भरती व्हायची ती मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. म्हणजे आजारी माणूस दवाखान्यात यायचा तो कोर्टातून. १९८७ चा नवा कायदा अमलात आला १९९३ मध्ये, तोवर हाच चालू होता. येरवड्याचं मनोरुग्णालय १९१५ सालचं, मंजूर खाटा २,५४०. त्याच येरवड्यात १८७१ सालचा तुरुंग. 'तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे' असं म्हटलं की यातलं नेमकं कुठे, ते समोरच्याने ठरवायचं! तिथल्या डॉक्टर-नर्सना मी नावं ठेवत नाही. अडीच हजार खाटांचं एक गाव त्यांच्या हाती देऊन आपण सगळे निघून आलो, त्यांनी करायचं तरी काय?

दुसऱ्या सुरातली मंडळी इथे खूश झाली असतील. बघा, ख्रिस्ती लोकांचं कसं असतं! थांबा. वेल्लोरच्याच सुमाराला, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या सरकारी मेंटल हॉस्पिटलमध्ये डॉ. विद्यासागर नावाचे अधीक्षक होते. खाटा कमी आणि पेशंट फार. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटच्या नातेवाइकांना तिथे बरोबर ठेवून घेतलं. ना मिशन, ना परदेशातून पैसा. सरकारी डॉक्टर, सरकारी आवार. पेशंट लवकर सुधारले, घरी गेले, आणि घरच्यांची भीती गेली. उलट बाजूने बघायचं तर लंडनच्या बेथलेमचा जन्म १२४७ सालचा, ख्रिस्ती मठ म्हणूनच. पुढे तिथे वेडे बघायला लोक येऊ लागले, आणि इंग्रजीत गोंधळाला त्याच्याच नावावरून शब्द पडला. यॉर्कला क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली 'रिट्रीट' उघडलं, साखळ्या न वापरणारं. पण तेही त्यांच्याच गावच्या मनोरुग्णालयात एक क्वेकर बाई १७९० साली वारली, ते सहन न होऊन. तेव्हा क्रूस दारावर असला म्हणून आत माया असेलच असं नाही, आणि नसला म्हणून नसेल असंही नाही.

शिवाय येरवड्याच्याच आवारात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. लं.च्या देणगीतून. दारू सोडायला आलेल्या माणसाच्या बायकोसाठी तिथे 'सहचरी' गट झाला. घरच्यांना उपचारात ओढणं हेच की ते. मराठी माणसांनी, पुण्यात, केलेलं. मग 'आपल्याला जमत नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

एवढं झाल्यावर मला वेल्लोरच्या नियमाशीही थोडं भांडायचंय. त्याचं कौतुक करणारे एक गोष्ट विसरतात. तो नियम घर गृहीत धरतो. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने निघालं की पुढे वढू बुद्रुक लागतं. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे गाव सगळ्यांना ठाऊक असतं. तिथेच सिस्टर ल्यूसी कुरियन यांनी १९९७ साली 'माहेर' सुरू केलं. ल्यूसीताई ख्रिस्ती संन्यासिनी, पण माहेर कुठल्याच एका धर्माचं नाही, ते त्या पहिल्यापासून सांगत आल्या. घरातून हाकललेल्या, मारहाण झालेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या बायका तिथे आल्या, आणि त्यात मनाने आजारी असलेल्याही होत्या. त्यांना विचारा बघू, पेशंटबरोबर कोण आहे? ज्या घरामुळे त्या आजारी पडल्या, तेच घर?

आणि मग आमचे कंत्राटी कामगार. महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ जण, पाळीपाळीने झोपणारे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा. मी काम केलेल्या एका कंपनीत (नाव कशाला, कुठलंही घाला) लातूरकडचा एक पोरगा होता. प्रेस शॉपला, कंत्राटदाराचा माणूस. नाइट शिफ्टमध्ये हळूहळू त्याची झोप गेली. मग तो म्हणायला लागला, हूटर माझं नाव घेऊन बोलावतो. लाइनवरच्या पोरांना आधी मजा वाटली. तिसऱ्या आठवड्यात त्याने चालू प्रेसमध्ये हात घालायचा प्रयत्न केला, शेजारच्याने मागे ओढला. दुसऱ्या दिवशी गेटपास ब्लॉक. कंत्राटदाराने हिशेब हातात ठेवला आणि एसटीत बसवून दिला. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, घरी फोन नाही. अपघात टळला म्हणून सेफ्टी मीटिंगमध्ये त्या 'निअर मिस'ची नोंद मात्र झाली, आणि उपाय म्हणून प्रेसच्या गार्डची उंची वाढवली.

यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. अशा माणसासाठी तरतूद आहे! ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, नैराश्य आहे, मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस आहे. पात्र ठरलात तर रोजच्या मजुरीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं इस्पितळ आहे. पण मेख अटीत आहे : आधी सलग दोन वर्षं विम्याखालची नोकरी आणि त्यात १५६ दिवसांची वर्गणी. आता सात महिने झाले की 'ब्रेक' देणाऱ्या पट्ट्यात सलग दोन वर्षं कुठून आणायची? आणि अप्रेंटिस तर त्या कायद्याने कामगारच नाही. म्हणजे ज्या पोरांच्या जिवावर लाइन चालते, नेमकी तीच बाहेर.

वर दर १० ऑक्टोबरला कॅन्टीनमध्ये जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर लागतं. हसरा चेहरा, हिरवी पानं. एक वेबिनार होतो, त्यात कुणीतरी दीर्घ श्वास घ्यायला सांगतं. कंत्राटी पोरांना तो बघता येत नाही, कारण ती लाइनवर असतात.

माझी मागणी फार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्क्यांची सीएसआरची जबाबदारी टाकली आहे. त्यातून गावच्या कमानी आणि बसायचे बाक होतात, होऊ द्यात. पण चाकण-चिंचवड मिळून एक वॉर्ड असा करा की जिथे प्रत्येक पेशंटच्या खाटेशेजारी दुसरी खाट असेल. आणि त्या दुसऱ्या खाटेवर झोपणाऱ्याचा रोज बुडणार नाही. वेल्लोरला ज्यांच्या घरचं माणूस येऊ शकलं त्यांचं भलं झालं. इथे ज्याची आई ओडिशात मजुरीला जाते, तिचं भाडं आणि तिची मजुरी कुणीतरी दिल्याशिवाय ती येणार कशी? प्रेमाचा प्रश्नच नाही तो, तिकिटाचा आहे.

आई येईपर्यंत काय? त्याचंही उत्तर कायद्यात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या चौदाव्या कलमाप्रमाणे कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि तो नातेवाईकच हवा असं नाही. साधा कागद पुरतो. नेमणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ज्याला नेमलं त्याची लेखी संमती. स्टॅम्पपेपर नको, वकील नको. म्हणजे खराबवाडीच्या खोलीतला रूम पार्टनरसुद्धा 'पेशंटबरोबर मी आहे' असं कायद्याने म्हणू शकतो.

मी हे एका एचआरवाल्याला सांगितलं. चांगला माणूस आहे, ऐकून घेतलं त्याने सगळं. कलम लिहूनही घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे साहेब, पण त्या रूम पार्टनरची सेकंड शिफ्ट असेल. त्याची रजा कुठल्या खात्यात टाकायची?"