पटवाऱ्याचा तलाठी करू नका

आमच्या मंडळाने ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी लिहून काढण्याचे काम हाती घेतले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातील माणसांकडून पानेच्या पाने हस्तलिखित मागणे हा छळच ठरला असता. तेव्हा त्यांनी मोबाइलपुढे बसून बोलावे आणि यंत्राने ते टंकून द्यावे, ही व्यवस्था योग्यच म्हटली पाहिजे. गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश ऑगस्ट २०१७ मध्ये झाला. तेव्हापासून ही सोय घरोघर पोहोचली आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते या कामासाठी तयार होत असलेल्या शब्दयादीशी.

यंत्र कानावर पडले तेवढेच लिहिते, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ऐकलेल्या ध्वनीशी जुळणारे अनेक शब्द त्याच्यापुढे येतात आणि त्यांतून, त्याला शिकविलेल्या मजकुरात जो अधिक वेळा आला, जो आगच्यामागच्या शब्दांशी अधिक जमतो, तो ते उचलते. त्या मजकुरात इंदूरच्या छत्रीबागेचे, ग्वाल्हेरच्या फाळके बाजाराचे किंवा किबे, बोलिया, शितोळे या घराण्यांचे उल्लेख ते किती असणार? म्हणून अशा प्रणालींत स्वतःची शब्दयादी जोडण्याची सोय ठेवलेली असते. यादीतील शब्दाला निवडीच्या वेळी झुकते माप मिळते. काही प्रणालींत एका शब्दाची दोन रूपेही देता येतात: तो कसा ऐकू येईल हे एक, आणि कागदावर कसा उमटावा हे दुसरे. 'डॉक्टर' ऐकल्यावर 'डॉ.' उमटावे, अशा किरकोळ कामासाठी ती दोन रूपे.

या दुसऱ्या सोयीचा भलताच उपयोग आमच्या एका बैठकीत सुचविण्यात आला. त्या टिपणानुसार ज्येष्ठांनी 'पटवारी' म्हटले की 'तलाठी' उमटावे, 'नामांतरण' म्हटले की 'फेरफार', 'खसरा' म्हटले की 'सातबारा', 'सुभा' म्हटले की 'जिल्हाधिकारी' आणि 'बडोदे' म्हटले की 'वडोदरा'. संग्रह महाराष्ट्रातील वाचकांपुढे जाणार, तेव्हा भाषा प्रमाण असावी, असा हेतू सांगण्यात आला. आम्ही तेथेच विरोध केला. वेळेअभावी जे बोलता आले नाही ते येथे नोंदवीत आहोत.

आम्ही माळव्यात महसूल खात्याची चाकरी केली. पटवारी आणि तलाठी ही एकाच माणसाची दोन नावे नव्हेत. आमचा पटवारी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ खाली काम करतो. तलाठ्याचे कामकाज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे चालते. दप्तरे निराळी, नमुने निराळे, वरचे अधिकारीही निराळे. सातबारा हे नाव तर महाराष्ट्रातील गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या जोडीवरून पडले. देपालपूरच्या शेतकऱ्याच्या हाती सातबारा देणारा आठवणींचा संग्रह उद्या कोणी अभ्यासकाने उघडला, तर तो एक तर आम्हांस खोटे ठरवील, किंवा अधिक वाईट म्हणजे, खरे मानील.

'सुभा' या शब्दाची गंमत तर पाहण्यासारखी आहे. बडोदे संस्थानात प्रांताचा मुख्य तो सुभा आणि त्याच्या हाताखाली महालाचा वहिवाटदार. ग्वाल्हेरीत जिल्ह्याचा मुख्य तो सुभा. निजामाच्या राज्यात सुभेदार मात्र अनेक जिल्ह्यांच्या विभागावरचा अंमलदार, आणि जिल्ह्याचा मुख्य अव्वल तालुकदार. हैदराबादच्या एखाद्या आजीबाई 'आमचे वडील तालुकदारांच्या कचेरीत होते' म्हणतील, तेव्हा त्या जमीनदाराविषयी बोलत नसून कलेक्टराविषयी बोलत असतात. या चार शब्दांत तीन राज्यांचा कारभार साठविलेला आहे. त्या सर्वांच्या जागी एकच 'जिल्हाधिकारी' बसविणे म्हणजे घरातली जुनी भांडी मोडीत काढून स्टीलचा डबा घेण्यासारखे आहे. डबा उपयोगी असेल. पण भांड्यांवरची नावे गेली.

यावर एका विद्वान सभासदाने राज्यव्यवहारकोशाचा दाखला दिला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजले, मग आम्ही हिंदी शब्दांच्या जागी मराठी योजले तर बिघडले कुठे? दाखला भारदस्त आहे, परंतु तो प्रतिपक्षाच्या विरुद्धच जातो. त्या कोशात नव्या शब्दाशेजारी जुना शब्दही उभा आहे. म्हणूनच तत्कालीन दरबारी भाषा कशी होती हे समजण्यासाठी आजही अभ्यासक त्याच कोशाकडे जातात. शिवाय तो कोश पुढे काढावयाच्या हुकुमांसाठी होता. कोणाच्या तोंडून आधीच निघालेले शब्द गुपचूप बदलण्यासाठी नव्हता. आज्ञापत्राची भाषा ठरविण्याचा अधिकार राजाला असतो. दुसऱ्याच्या साक्षीची भाषा बदलण्याचा अधिकार कोणालाच नसतो, हे कचेरीत जबानी उतरून घेणाऱ्या कारकुनालाही ठाऊक असते.

आदर्शच हवा असेल तर तो बडोद्यात आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली अशा आठ भाषांतील कारभाराचे शब्द त्यात शेजारी-शेजारी मांडले आहेत. आमची यादी अशीच असावी: शब्द जसा बोलला गेला तसा, आणि त्यापुढे अर्थ, गाव, बोलणाऱ्याचे घराणे. ही टीप यंत्राला देण्याची गरज नाही, ती वाचकासाठी. यंत्राला शब्द तेवढा द्यावा.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. सगळेच शब्द घाला, असा त्यांचा आग्रह. पण यादीला जागा मोजकी असते. ॲमेझॉनच्या ट्रान्सक्राइब सेवेत एका यादीच्या फाइलीला ५० किलोबाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग तो साधा काना का असेना, प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन लागतात. म्हणजे फार तर अडीच-तीन हजार शब्दरूपे मावणार. त्यात मराठीचे सामान्यरूप आडवे येते. 'वहिवाटदार' घातल्याने 'वहिवाटदारांनी' आपोआप येईल असे नाही. 'पागा' घातली तरी 'पागेत', 'पागेचा', 'पागेवर' स्वतंत्र घालावे लागतात. एका नामाची पाच रूपे धरली तर पाच-सहाशे नामांतच यादी भरते. शिवाय आखूड शब्दांना झुकते माप देताना जपावे लागते, नाही तर आजोबा 'बघा, बघा' म्हणतील आणि कागदावर 'पागा, पागा' उमटेल. मंडई, पोहे, दिवाळी हे शब्द यंत्राला येतात. ती जागा वहिवाटदाराला द्यावी. कोणता शब्द ठेवावा आणि कोणता गाळावा हे ठरविणे संपादकाचे काम आहे. ज्याला संगणक उत्तम येतो त्या एखाद्या नातवाच्या माथी ते मारून मोकळे होणे बरे नव्हे. तो बिचारा सुट्टीपुरता बंगळूरहून येतो.

त्या टिपणात आणखी एक कलम आहे, आणि आम्हांस ते सर्वांत घातक वाटते. लेखन हाती आले की ध्वनिमुद्रण पुसून टाकावे, कारण त्याने जागा अडते! यादी चुकली तर ती उद्या सुधारता येईल, मजकूर पुन्हा उतरविता येईल. परंतु मूळ आवाज नसेल तर पुन्हा विचारावयाचे कोणाला? ज्यांचे कथन आज टिपले जात आहे त्यांतील काहींची प्रकृती कशी आहे, हे सभासदांना सांगावयास नको.

तेव्हा कार्यकारिणीने ते टिपण मागे घ्यावे, ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि यादीचा कच्चा खर्डा याच पत्रिकेत छापावा. बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील वाचकांनी आपापले शब्द पाठवावेत. ग्वाल्हेरकरांनी 'लष्कर' हा शब्द विसरू नये. तो यंत्राला येतोच, पण त्यापुढे ही शहरातील वस्ती आहे, फौज नव्हे, अशी टीप हवी. नाही तर 'आजोबा जन्मभर लष्करात राहिले' हे वाचून पणतवंडे त्यांची पदके शोधीत बसतील.