पाहुण्यांचं वायफाय वेगळं असावं

मेटगळ्ळीत भाड्याचं घर घेऊन आता दीड वर्ष होत आलं. म्हैसूरच्या एनसीसी बटालियनमध्ये पोस्टिंग आहे आणि घर केआरएस रोडच्या आतल्या गल्लीत, टायरच्या कारखान्यापासून जवळ. म्हैसूरची पोस्टिंग म्हटली की पाहुण्यांना तोटा नाही. दसऱ्याला साताऱ्याहून गाडी भरून येते, मे महिन्यात पलटणीतले जुने दोस्त वृंदावन बाग बघायला उतरतात, अधूनमधून कॅडेट पोरं ऑनलाइन फॉर्म भरायला येतात. पाणी पिऊन झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वायफायचा पासवर्ड काय?"

माझं मत सरळ आहे. पाहुण्याला वायफाय द्यावं आणि मोकळ्या मनाने द्यावं, पण घराचं मुख्य वायफाय देऊ नये. आजच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते. त्याच राउटरमधून दुसऱ्या नावाचं, दुसऱ्या पासवर्डचं वायफाय निघतं. त्यावर जोडलेल्या फोनला इंटरनेट मिळतं, पण घरातला लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरा यांच्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही. जुन्या वाड्यात ओसरी आणि माजघर असायचं, तसंच हे. ओसरीवर कोणीही टेकावं, माजघरात घरची माणसं.

हे मी आमच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांना सांगितलं तेव्हा ते तडकले. म्हणाले, "अरे, पाहुण्याला वेगळा कप ठेवायची रीत मोडायला आपल्या दोन पिढ्या गेल्या. आणि तू घरात परत वेगळी लाईन काढतोस?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरच्यांनी वेगळ्या कपातून चहा प्यायला आहे, त्यांना 'तुमच्यासाठी वेगळं' हे शब्द टोचतात आणि ते टोचणं खरं आहे. म्हणून फरक नीट सांगायला हवा. वेगळा कप माणसाची जात बघून ठेवला जायचा. गेस्ट नेटवर्क माणूस बघत नाही, यंत्र बघतं. माझा सख्खा भाऊ आला तरी त्याचा फोन तिथेच जोडला जातो. इतकंच काय, माझा स्वतःचा टीव्हीही मी त्याच वायफायवर टाकला आहे, कारण त्याच्या आत काय चालतं ते मला दिसत नाही.

पलटणीत आपण हेच जगलो आहोत. लंगर सगळ्यांचा एक. पण कोतमधून हत्यार काढायचं तर रजिस्टरवर सही करावीच लागते, मग तुम्ही कितीही जुने असा. आमच्या मेटगळ्ळीतच रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटा छापण्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी रोज कामाला जाणारा माणूसही गेटवर तपासणी देतो, आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. जो नियम सगळ्यांना सारखा, त्यात अपमान नसतो.

धोका पाहुण्याच्या मनात नसतो, त्याच्या फोनमध्ये असू शकतो. कुठल्या तरी लिंकवरून उतरवलेलं एखादं ॲप त्याच्या नकळत त्याच नेटवर्कवरची बाकीची यंत्रं चाचपतं. कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच आहे का, लॅपटॉपवर एखादं फोल्डर उघडं आहे का, हे शोधतं. जुलै २०२० मध्ये सेनेने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, ते आपण निमूटपणे केलं. मग जवानाच्या घरातल्या राउटरकडे मात्र कोणी बघायचं नाही, हे कसं चालेल?

आता आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट आठवा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता आणि त्याचं वायफाय कोणी तरी परस्पर वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात असा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या, त्या याच पार्श्वभूमीवर.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या, कारण इथेच अनेकांची गफलत होते. गेस्ट नेटवर्क तुमच्या घरातली यंत्रं वाचवतं, तुमचं नाव वाचवत नाही. पाहुण्याने त्यावरून काहीही पाठवलं तरी बाहेरच्या जगाला ते तुमच्याच कनेक्शनवरून आलेलं दिसतं, आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येणार. म्हणून पाहुण्यांचं वायफाय बिनपासवर्डचं ठेवू नका. पासवर्ड ठेवा, पाहुणे गेले की बदला, आणि गरज नसेल तेव्हा ते बंद ठेवा. घरच्यांचा पासवर्ड तसाच राहतो, त्यामुळे दर वेळी सगळ्यांचे फोन नव्याने जोडत बसावं लागत नाही. मला विचाराल तर या सोयीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

करायचं कसं? राउटरच्या मागच्या स्टिकरवर एक पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. घरच्या वायफायवर असताना तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. आत गेल्यावर सगळ्यात आधी राउटरचा स्वतःचा लॉगिन पासवर्ड बदला. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकासह काही राज्यांत बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले होते. कंपनीकडून आलेला पासवर्ड ज्यांनी तसाच ठेवला होता, ते त्यात सापडले. तटबंदीला भगदाड असेल तर आतल्या ओसरीचं कौतुक काय कामाचं?

मग 'गेस्ट नेटवर्क' शोधून चालू करा आणि त्याला साधं नाव द्या. नावात हुद्दा, युनिट किंवा घर नंबर नको. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. 'पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क दिसू द्यावं का' अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंदच ठेवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. वेगाची मर्यादा घालता येत असेल तर घाला, म्हणजे भाचरं कार्टून बघत असताना मुलीचा ऑनलाइन क्लास अडकणार नाही. तुमच्या राउटरमध्ये ही सोय सापडली नाही तर इंटरनेटवाल्या पोराला बोलावून विचारा.

माझ्या माजी सैनिक बांधवांना खास सांगणं. तुमचं पेन्शन आता 'स्पर्श'वर आहे, हयातीचा दाखला ऑनलाइन, बँक फोनमध्ये. नातवंडांचे मित्र घरात येणार आणि वायफाय मागणार, त्यांना नाही म्हणू नका. दुसऱ्या वायफायचं नाव आणि पासवर्ड एका कागदावर ठळक लिहा आणि बैठकीच्या खोलीत लावून टाका. म्हणजे पाहुण्याला मागावं लागणार नाही, आणि तुम्हाला कोणासमोर कमी-जास्त बोलावं लागणार नाही.

जय हिंद.