फणसांबा : नाव एक, द्रव्ये अनेक

फणसाच्या जुन्या झाडाच्या खोडावर अथवा फांदीवर उगवणारे, लाकडासारखे कठीण, तपकिरी, अर्धवर्तुळाकार कवक कोकणात व गोव्यात ‘फणसांबा’ या नावाने परिचित आहे. बालकांचा मुखपाक, लालास्राव आणि अतिसार या विकारांत ते सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावण्याची वा चाटविण्याची परंपरा जुनी आहे. १९९३ साली वैद्य व रब्बा यांनी लोकवैद्यकातील कवकांविषयीच्या आपल्या लेखात या उपयोगाची नोंद घेतली आणि कवकशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष या द्रव्याकडे वेधले गेले. आज हे द्रव्य परसातून न येता बाजारातून येते. म्हणूनच त्याच्या ओळखीचा प्रश्न सर्व वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निरनिराळ्या विक्रेत्यांकडून आलेला फणसांबा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. एकाचा पृष्ठभाग काळपट व खोल भेगाळलेला असतो, दुसऱ्याचा जवळजवळ गुळगुळीत. एकाचा छेद पिवळसर तपकिरी, तर दुसऱ्याचा गडद. काही तुकड्यांस चिकटलेले लाकूड फणसाचे नाहीच, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. कवकांच्या वर्गीकरणाचा अभ्यासही हेच सांगतो. फणसांबा या नावाखाली फेलिनस या कुलातील एकाहून अधिक जाती गोळा केल्या जातात. सारांश, फणसांबा हे एका द्रव्याचे नाव नसून एका द्रव्यसमूहाचे नाव आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की पिढ्यान्‌पिढ्या हे द्रव्य वापरले गेले, तेव्हा कोणी जात विचारली होती? आक्षेप विचारार्ह आहे, परंतु त्यात एक गोष्ट सुटते. पूर्वीचा वैद्य किंवा घरातील वृद्ध स्त्री ज्या झाडावरून फणसांबा काढी, ते झाड तिच्या परिचयाचे असे. त्याच झाडावरचे कवक वर्षानुवर्षे उगाळले जाई व त्याचा गुण अनुभवाला येई. झाडाची ओळख हीच द्रव्याची ओळख होती. आज संग्राहक, दलाल, व्यापारी व फार्मसी अशा चार हातांतून द्रव्य जाते आणि पहिल्याच हाताला ठाऊक असलेली झाडाची माहिती चौथ्या हातापर्यंत पोहोचत नाही. परंपरेचे नाव शिल्लक राहिले, परंपरेची खात्री मात्र गेली.

आश्रयभेदाने गुणभेद होतो हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या अध्यायात, उद्भिद शाकांचे वर्णन करताना पेंढा, ऊस, शेण, वेळू व भूमी यांवर उगवणाऱ्यांचे रस व गुण पृथक् सांगितले आहेत. भावमिश्रांनी संस्वेदज शाकांत लाकडावर व वृक्षांवर उगवणाऱ्यांचाही उल्लेख केला आहे आणि या वर्गापासून छर्दी, अतिसार, ज्वर उद्भवू शकतात, असा इशारा दिला आहे. अतिसारावर म्हणून दिलेले द्रव्य ओळखीच्या चुकीमुळे अतिसारच वाढविणारे निघाले, तर त्याचा दोष शास्त्राकडे जात नाही. तो ओळख न करणाऱ्याकडे जातो. अज्ञात औषध विषासमान, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन अशा वेळी शब्दशः खरे ठरते.

परदेशातील एक उदाहरण येथे बोधप्रद ठरावे. चीन, जपान व कोरिया येथील पारंपरिक वैद्यकात ‘सांगह्वांग’ या नावाचे, तुतीच्या झाडाशी नाते सांगणारे कवक प्रसिद्ध आहे. कित्येक वर्षे त्यास ‘फेलिनस लिंटियस’ समजले गेले व त्याच नावाखाली असंख्य शोधनिबंध प्रसिद्ध झाले. २०१२ साली वू व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तुतीवर वाढणारे खरे सांगह्वांग ही वेगळीच जाती आहे. लिंटियस ही तर मुळात मध्य अमेरिकेतील निकाराग्वाच्या नमुन्यावरून वर्णिलेली जाती. पुढे या दोन्ही जाती दोन स्वतंत्र कुलांत ठेवण्यात आल्या. इतक्या निबंधांतील प्रयोग नेमके कोणत्या कवकावर झाले, हे आता प्रत्येकाचा मूळ नमुना पाहूनच ठरवावे लागते. आणि नमुना जपलेला नसेल, तर ते ठरविता येत नाही. आपल्याकडील फणसांब्यावरही लिंटियस हे नाव सर्रास चिकटविले जाते व त्या निबंधांचे दाखले माहितीपत्रकांत दिले जातात. ही उसनी कीर्ती आहे.

मग ओळख करावी कशी? पहिली पायरी प्रत्येक फार्मसीस शक्य आहे. सुमारे ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब कवकाच्या ताज्या छेदावर टाकावा. फेलिनस वर्गातील कवकाचा छेद तत्काळ काळा पडतो. काळा न पडणारा माल बाजूला काढावा. परंतु काळा पडला म्हणून तो फणसांबाच, असे मात्र समजू नये. हेक्सागोनियासारख्या अन्य कुलांतील कवकेही काळी पडतात. त्यापुढील निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली होतो. बीजाणूंचा आकार व रंग, नलिकांचे थर आणि ‘सीटी’ नामक काटेरी पेशींचे अस्तित्व वा अभाव पाहावा लागतो. लिंटियसमध्ये या पेशी असतात, तर केरळात फणसावर आढळणाऱ्या व त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात अभ्यासल्या गेलेल्या रिमोसस या जातीत त्या नसतात. हे काम तज्ज्ञाचे आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा राष्ट्रीय संग्रह असून तेथे कवकांची ओळख करून देण्याची सोयही आहे.

तज्ज्ञाकडे पाठविलेला नमुना मात्र ओळखण्याजोगा हवा. चूर्णावरून सूक्ष्मदर्शकाने जात ठरविणे जवळजवळ अशक्य. कवक अखंड असावे, त्यास मूळ लाकडाचा तुकडा लागलेला असावा आणि झाडाचे नाव, स्थळ व दिनांक सोबत लिहिलेले असावेत. कवक जिवंत खोडावरचे की पडलेल्या फांदीवरचे, हेही नोंदवावे. पडलेल्या फांदीस पाने नसतात, साल गळालेली असते. तेव्हा झाड कोणते याचा अंदाज संग्राहकाच्या शब्दावर न सोडता लाकडाचा तुकडाच तपासावा. नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा व त्याचा अर्धा भाग क्रमांक घालून फार्मसीत जपावा. कच्च्या मालाची ओळख व नोंद ठेवणे शेड्यूल टी प्रमाणेही निर्मात्याचे कर्तव्यच आहे.

आमची सूचना थोडक्यात अशी. फार्मसीचालकांनी चूर्णरूप फणसांबा विकत घेऊ नये. वैद्यांनी झाडाच्या नोंदीविना आलेला फणसांबा बालकांस देऊ नये. आणि संघटनेने जिल्हावार नमुने गोळा करून, तज्ज्ञांकडून नामनिश्चिती करून घेऊन, तुलनेसाठी एक प्रमाणित संच कार्यालयात ठेवावा. लहान फार्मसीस एकट्याने हा खर्च जड जाईल. सर्वांनी मिळून केल्यास तो जाणवणारही नाही. संग्राहकासही झाडाची नोंद दिल्याबद्दल किलोमागे दोन पैसे अधिक द्यावेत, कारण या साखळीत झाड प्रत्यक्ष पाहणारा तोच एक असतो.

फणसांबा गुणकारी आहे की नाही, हा वाद येथे आम्ही मांडलेला नाही. ज्या द्रव्याची ओळखच पटलेली नाही, त्याच्या गुणाची चर्चा संभवत नाही. ज्या बालकाच्या हिरड्यांवर आपण हे उगाळून लावतो, त्यास आपले औषध विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने तो प्रश्न आपणच विचारावा, एवढीच विनंती. इत्यलम्.