विश्लेषण : मायदेशाची मालिका मिळेल, पण आपल्या शहराची बातमी? कॅनडातील ‘टेलिलातिनो’चा धडा

कॅनडात इटालियन वंशाचे १५ लाखांहून अधिक लोक आहेत. मात्र इटालियन ही मातृभाषा सांगणारे २०२१ च्या जनगणनेत जेमतेम सव्वातीन लाख. स्पॅनिशचे उलटे आहे. लॅटिन अमेरिकेतून स्थलांतर सुरू असल्याने ती वाढते आहे. या दोन्ही समाजांसाठी टोरंटोतून एक चॅनेल चालते, ‘टेलिलातिनो’ म्हणजेच आजचे ‘टीएलएन’. त्याच्या वाटचालीतून परदेशातील प्रत्येक भाषिक समाजाला पडणारा प्रश्न समजतो.

दोन भाषा, एक चॅनेल का?

टेलिलातिनो १९८४ मध्ये सुरू झाले. तेव्हा केबलवर जागा मोजकी होती. एकेका भाषेचा प्रेक्षक वेगळ्या चॅनेलचा खर्च पेलेल एवढा नव्हता. म्हणून इटालियन आणि स्पॅनिश एकत्र आले. या दोन्ही समाजांना बांधणारा मोठा धागा म्हणजे फुटबॉल.

वाद कशावरून पेटला?

इटलीची सरकारी वाहिनी ‘राय’चे कार्यक्रम अनेक वर्षे टेलिलातिनोवर दिसत. २००३ मध्ये ‘राय’ने ते काढून घेतले. कॅनडात स्वतःचे २४ तासांचे चॅनेल आणायचे, हा त्यामागचा बेत होता. प्रसारण नियामक ‘सीआरटीसी’ने जुलै २००४ मध्ये नकार दिला. परदेशी कंपनीने आधी कार्यक्रम काढून घ्यायचे आणि मग त्याच प्रेक्षकांसाठी परवाना मागायचा, यात स्थानिक चॅनेलचे नुकसान होते, असा त्यामागचा विचार होता.

इटालियन समाज भडकला. सह्यांची मोहीम झाली, राजकारणी उतरले. डिसेंबर २००४ मध्ये धोरण बदलले आणि २००५ मध्ये ‘राय’ला परवानगी मिळाली. पण एक अट होती : ‘राय’ हवे असेल, तर ग्राहकाने टेलिलातिनोही घ्यायचे.

अट योग्य होती का?

माझ्या मते, बंदीपेक्षा नक्कीच योग्य. आजी-आजोबांना रोमच्या बातम्या पाहण्यापासून अडवण्याचा अधिकार कोणत्याही नियामकाला नसावा. पण टोरंटोतील भाडेकायदा, लसीकरण किंवा महापालिकेची निवडणूक रोमचे चॅनेल समजावून सांगणार नाही. ते काम तिथल्याच चॅनेलचे. त्याला पैसे मिळण्याची वाट या अटीने मोकळी ठेवली.

हाच विचार पुढेही दिसतो. २०१७ पासून ‘ओम्नी’ हे बहुभाषिक चॅनेल केबल आणि उपग्रह कंपन्यांना सर्वांना द्यावे लागते. त्यातून इटालियन, पंजाबी, मँडरिन आणि कँटोनीज बातमीपत्रे चालतात.

आजची अडचण काय?

आता केबलच सुटते आहे. मोबाइलवरच्या अॅपला ‘हे घ्या, मग ते मिळेल’ अशी अट सहज लावता येत नाही. दुसरे म्हणजे तिसरी पिढी इंग्रजी बोलते. टीएलएनवरही आता इंग्रजीतून इटालियन-लॅटिन जीवनशैलीचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणात दिसतात. स्पॅनिशसाठी २००७ मध्ये वेगळे चॅनेल काढले गेले. धंदा म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण चॅनेल टिकले आणि भाषा मागे पडली, तर उरते ते पास्ता आणि फुटबॉल.

मराठी माणसाचा संबंध काय?

टोरंटो असो वा न्यू जर्सी, मराठी मालिका आज एका क्लिकवर मिळते. ‘राय’साठी इटालियनांनी जे भांडून मिळवले, ते आपल्याला अॅपने आयते दिले. पण तिथल्या शाळेचा, करांचा, आरोग्यसेवेचा नियम मराठीत सांगणारे कोण आहे? भारतातून नुकत्याच तिथे गेलेल्या आई-वडिलांना त्याचीच गरज जास्त असते. ते काम आज बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर ढकलले जाते आणि तिथे अफवा व माहिती एकाच रांगेत उभ्या असतात.

म्हणून महाराष्ट्र मंडळांनी वर्गणीतला थोडा वाटा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांबरोबरच आठवड्याच्या एका मराठी स्थानिक बातमीपत्रालाही द्यावा. भाषा करमणुकीपुरती उरली की ती पुढच्या पिढीत फक्त ऐकायची भाषा होते. रोजच्या कामाला आली, तरच ती बोलली जाते.